एक पिन कमी, बिल जास्त

कॉम्प्युटर हळू झाला की घरात ताबडतोब तीन पक्ष तयार होतात. पहिला म्हणतो, फॉरमॅट मार. दुसरा म्हणतो, भंगारात दे. तिसरा अल्पमतात असतो, पण आत्मविश्वास सगळ्यांत जास्त त्याच्याकडे: "अरे, नुसता प्रोसेसर बदल. डबा तोच, मशीन नवं!" हा सल्ला देणाऱ्याने आयुष्यात कधी प्रोसेसर बदललेला नसतो, हे सांगायला नको. बदलला असता तर तो केव्हाच दुसऱ्या पक्षात गेला असता.

तरीही सल्ला अर्धा खरा आहे. डेस्कटॉपचा प्रोसेसर बोर्डाला डाग देऊन चिकटवलेला नसतो. तो सॉकेटमध्ये नुसता बसवलेला असतो. बाजूची दांडी उचलली की मोकळा. गोम आहे ती सॉकेटमध्ये. तिथे कोण बसणार आणि कुठवर बसणार, हे मशीन विकत घेणारा ठरवत नाही.

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरचं एखादं डीटीपी सेंटर घ्या. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, सातबारा, ऑनलाइन फॉर्म. आत २०१४ च्या सुमारास असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३-४१३० प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. श्रीलिपीचे फॉन्ट, २००१ साली शेवटची आवृत्ती निघालेला पेजमेकर आणि मागच्या यूएसबीत कायमचा खुपसलेला डोंगल. मालकांची सक्त ताकीद आहे की डोंगलला कोणी हात लावायचा नाही. तो हरवला तर तालुक्यातली निम्मी लग्नं पत्रिकेविना लागतील.

ऐन लग्नसराईत मशीन रांगायला लागतं आणि असेंबलवाला पोरगा हजर होतो.

"काका, आय७ टाकून देतो. सेकंडहँड आहे, पण माल एक नंबर. मशीन नुसतं पळेल."

"या बोर्डाला चालेल ना रे?"

"का नाही चालणार? सेम सॉकेट आहे."

"आणि गॅरंटी?"

"टेस्टिंग वॉरंटी आहे ना काका. सात दिवस."

पोरगा खोटं बोलत नाहीये. आय७-४७७० हा २०१३ चा प्रोसेसर त्याच ११५० पिनांच्या सॉकेटात बसतो. जुन्या आय३ मध्ये दोन कोअर, यात चार. जुन्याची कॅश तीन एमबी, याची आठ. आकडे ऐकून काकांचे डोळे चमकतात. आता एक आकडा पोरगा सांगत नाही: दोघांचाही मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झच आहे. आय७ टर्बोत ३.९ पर्यंत जातो, म्हणजे कागदावर जेमतेम पंधरा टक्के. पेजमेकर ज्या जमान्यात लिहिला गेला, तेव्हा घरगुती प्रोसेसरला एकच कोअर असायचा, त्यामुळे त्याला एकाच कोअरला राबवायची सवय. नव्या आय७ चे उरलेले तीन कोअर 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' यांच्यामधली फुलांची वेल सरकताना बघत बसतात.

जीन आमडाल नावाच्या इंजिनिअरने १९६७ सालीच हे मांडून ठेवलं होतं. कामाचा जो भाग वाटून करता येत नाही, तो तुमच्या सगळ्या वेगाला वेसण घालतो. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हा नियम शिकवावा लागत नाही. खिडक्या आठ केल्या तरी सही करणारे साहेब एकच.

ब्राउझरची गोष्ट वेगळी. ॲडमिशनच्या दिवसांत बारा टॅब उघडून फॉर्म भरायचे असतील, तर चार कोअर खरंच कामाला येतात. पण तिथे आधी रॅम संपते. रॅम वाढवायला जावं तर कळतं की जुना प्रिंटर आणि जुना डोंगल चालावा म्हणून मशीनवर ३२ बिटांचं विंडोज टाकलेलं आहे. त्याला चार जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही. सोळा जीबी बसवा, बारा जीबी देवाला वाहिली समजा.

आणि खरा गुन्हेगार कोपऱ्यात कुरकुरत बसलेला असतो. मिनिटाला ७,२०० फेरे मारणारी हार्ड डिस्क. तिच्या तबकडीला एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. इकडचा तिकडचा तुकडा शोधून आणायला तिचं डोकं सरकणार, तबकडी फिरणार, मग वाचन. सेकंदाला शंभर तुकडेही नीट हाती लागत नाहीत. साधी साटा एसएसडी असले तुकडे हजारोंनी आणून देते. प्रोसेसर आय३ असो की आय७, डिस्ककडे बघत जांभया देण्याचा वेग दोघांचा सारखाच. म्हणजे नाचणारी ठीकठाक होती, अंगण खरोखरच वाकडं होतं. पण आपण नवी नाचणारी आणली.

बरं, एसएसडी तरी नीट लागते का? एच८१ चिपसेटला चार साटा पोर्ट. त्यातले दोन सहा गिगाबिटचे, दोन तीनचे. बऱ्याच बोर्डांवर रंग वेगळे असतात, बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. घाईत हाताला येईल त्या पोर्टात वायर खुपसली की एसएसडी अर्ध्या वेगाने चालते आणि काका सगळ्यांना सांगत सुटतात, "त्या एसएसडीत काही दम नाही."

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. कॅबिनेटची बाजू उघडली की आधी धूळ निघते, मग झुरळाचं अंडं, मग पंखा दिसतो. इंटेलच्या डब्यातून येणारा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर उभा असतो. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवायची आणि वर ओढायची. दहा वर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिक कडकडीत झालेलं असतं, चारांतली एक खुंटी 'टक' आवाज करून रामराम करते. खालची पेस्ट वाळून तिचे पापुद्रे धरलेले. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, नवी पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी लावायची. आपल्याकडे पेस्टही हौसेने चोपडतात. पुरणपोळीवर तूप सोडावं तशी. मग ती कडेने उतू जाते.

इंटेलच्या सॉकेटात पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरच्या पोटावर नुसते सोनेरी बिंदू. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा, सरळ वरून ठेवायचा, दाबायचा नाही. हातातून निसटून तिरका पडला तर केसाएवढ्या पिना आडव्या होतात. मग बोर्ड वॉरंटीत असला तरी उत्तर ठरलेलं: "फिजिकल डॅमेज." एएमडीच्या एएम४ ची तऱ्हा उलटी, तिथे पिना प्रोसेसरला. पेस्ट वाळलेली असेल आणि पंखा सरळ वर ओढला, तर कुलूप बंद असतानाही प्रोसेसर पिनांसकट पंख्याला चिकटून बाहेर येतो. म्हणून जाणकार आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करतात आणि पंखा हळूच गोल फिरवून सोडवतात.

एवढं सगळं सुरळीत झालं, बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला, तर ती बायॉसची कृपा. बोर्डावरचं जुनं बायॉस नव्या प्रोसेसरला ओळख देत नाही. आय७-४७७० च्या जागी पोरग्याने वर्षभर नंतरचा ४७९० आणला असेल, तर जुन्या एच८१ वर हे हमखास. बायॉस नवं करायला मशीन चालू हवं, मशीन चालू व्हायला जुना प्रोसेसर हवा, आणि जुना प्रोसेसर पोरग्याने बायबॅकमध्ये उचलून नेलेला असतो. हा घोळ एवढा जुना आणि जागतिक आहे की २०१८ मध्ये एएमडीने काही गिऱ्हाइकांना बायॉस अपडेटपुरता एक छोटा प्रोसेसर उसना पाठवायची सोय केली होती.

शिवाय वीज. आय३ चा उष्णतेचा आकडा ५४ वॅट, आय७ चा ८४. स्वस्तातल्या बोर्डावर वीज पुरवणाऱ्या चिपांना थंड ठेवणारी पट्टीसुद्धा नसते. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला; त्यावर ४५० वॅट छापलेलं. छापलेल्यावर विश्वास ठेवायचा तर लग्नपत्रिकेतले सगळे 'आपले नम्र' नम्र निघायला हवेत. मग नवा पंखा आला, नवा एसएमपीएस आला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

इथवरचा मामला निदान आपल्या हातातला होता. आता कंपन्यांकडे वळू.

इंटेलची सॉकेटं ओळखायची ती पिनांच्या संख्येवरून. २००९ साली आलं ११५६. जानेवारी २०११ मध्ये आलं ११५५. एक पिन कमी झाली आणि दीड वर्षापूर्वी हौसेने घेतलेल्या बोर्डांचा पुढचा रस्ता बंद. २०१३ साली ११५०. २०१५ साली ११५१. म्हणजे सहा पिना गेल्या, एक परत आली आणि गिऱ्हाईक प्रत्येक वेळी नव्या बोर्डाच्या रांगेत. पुढे २०२० मध्ये १२००, २०२१ च्या अखेरीस १७००, ऑक्टोबर २०२४ मध्ये १८५१. जमिनीचे दर वाढावेत तशी चढण म्हणायला हरकत नव्हती, पण जमीन विकता तरी येते.

यातला सगळ्यांत देखणा प्रयोग ऑक्टोबर २०१७ चा. आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. पिना ११५१. आधीचा बोर्डही ११५१. खाचा जुळतात, दांडी लागते, सगळं कसं मापात. फक्त मशीन चालू होत नाही. त्यांना ३०० सिरीजचा चिपसेटच लागतो. कंपनीचं म्हणणं असं की कोअर वाढले, वीज जास्त लागते, म्हणून काही पिनांची कामं बदलली. हौशी मंडळींनी काही जुन्या बोर्डांचं बायॉस बदललं, प्रोसेसरच्या पोटावरच्या मोजक्या बिंदूंवर टेप चिकटवली आणि तोच प्रोसेसर त्याच जुन्या बोर्डावर चालवून दाखवला. जे काम कंपनीला जमत नव्हतं, ते चिकटपट्टीला जमलं.

इंजिनिअरांची बाजूही ऐकायला हवी. मेमरी डीडीआर३ वरून ४ वर, ४ वरून ५ वर जाते, तेव्हा जुना बोर्ड तसाही निरुपयोगी ठरतो. ११५५ चं ११५० झालं तेव्हा विजेचा दाब सांभाळणारी यंत्रणा बोर्डावरून उचलून प्रोसेसरच्या आत घातली होती, म्हणून सॉकेट बदलणं भागच होतं. मान्य. दोन वर्षांनी तीच यंत्रणा प्रोसेसरमधून काढून पुन्हा बोर्डावर ठेवली. तेव्हाही सॉकेट बदलणं भागच होतं. बदली रद्द झालेल्या कर्मचाऱ्यालाही दोन्ही वेळचा प्रवासभत्ता मिळतो. इथे तो गिऱ्हाइकाने द्यायचा.

एके काळी असं नव्हतं. नव्वदच्या दशकातल्या सॉकेट ७ वर इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचा के६ बसायचा, सायरिक्सचाही बसायचा. बोर्ड एक, दुकानं तीन. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम टू साठी स्वतःचा वेगळा स्लॉट काढला आणि ती सामाईक पंगत उठली. तेव्हापासून ज्याचं ताट त्याच्या घरी.

त्याआधीही खोड्या होत्याच. १९९१ मध्ये इंटेलचा ४८६एसएक्स निघाला. त्यात दशांशाच्या गणितासाठीची सोय बंद. ती हवी असेल तर बाजूच्या रिकाम्या सॉकेटात ४८७एसएक्स नावाचा 'मदतनीस' बसवायचा. हा मदतनीस आतून पूर्ण ४८६डीएक्स होता. तो आल्या आल्या मूळ प्रोसेसरला झोपवायचा आणि सगळं काम स्वतः करायचा. तुम्ही दुसऱ्या प्रोसेसरचे पैसे दिलेत, पहिला बोर्डावर पेन्शनीत.

२०१० मध्ये तर कमालच केली. पेंटियम जी६९५१ हा प्रोसेसर विकत घ्यायचा, मग दुकानातून ५० डॉलरचं कार्ड आणायचं, खरवडायचं, आकडे टाकायचे, की त्याच प्रोसेसरमधली झाकून ठेवलेली कॅश आणि हायपरथ्रेडिंग उघडणार. माल तुमच्या घरात, पैसे देऊन झालेले, किल्ली मात्र पुन्हा विकत. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी योजना गुंडाळली. आज कुणी ती पुन्हा आणली तर ओरड होईल याची मला खात्री नाही. आता आपल्याला सबस्क्रिप्शनची सवय झाली आहे.

"आमचं एएमडी बघा" म्हणणाऱ्यांनीही कॉलर जरा बेतानेच ताठ करावी. २०१६ ला आलेल्या एएम४ सॉकेटवर २०२२ चा ५८००एक्स३डी चालतो, हे खरं आणि कौतुकाचं. पण मे २०२० मध्ये याच कंपनीने ४०० सिरीजच्या बोर्डांना पुढची पिढी मिळणार नाही असं जाहीर केलं होतं. कारण सांगितलं ते बायॉसच्या चिपमध्ये जागा नाही असं. लोक भडकले, आणि त्याच महिन्यात जागा झाली. २०१७ च्या ३०० सिरीजला तर मार्च २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्याच सुमाराला इंटेलची बारावी पिढी बाजारात गाजत होती. गिऱ्हाइकाची कणव आणि शेजाऱ्याची धास्ती यांतलं चिपसेटला काय लवकर समजतं, ते ज्याने त्याने ठरवावं.

आता आपल्या काकांचा आय७ बसला समजा. बायॉस मानलं, पंखा नवा, एसएसडी योग्य पोर्टात. मशीन खरंच पळायला लागलं. तेवढ्यात विंडोज उभं राहतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. काकांचा आय७ चौथ्या पिढीचा. जानेवारी २०१७ मध्ये ऐटीत आलेला आय७-७७००के सुद्धा या दारात अडला. सातव्या पिढीतल्या मोजक्याच चिपांना आत घेतलं. त्यातला एक, ७८२०एचक्यू, नेमका मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे अमेरिकेतही चालतं.

विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, घरगुती गिऱ्हाइकांना वर वर्षभराची सवलत. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नाही, त्यामुळे जुन्या प्रिंटरचं आणि डोंगलचं काय, ते काकांनी बघावं. आणि हे 'हळू' होणंही सगळं वयाचं नसतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या. त्यावरच्या दुरुस्तीने नेमक्या चौथ्या पिढीच्या आणि त्याआधीच्या मशीनचा वेग जास्त जाणवण्याइतका घटेल, असं मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलं होतं. चूक कारखान्यात झाली, दंड काकांना बसला.

मग करायचं काय? क्रम सोपा आहे. आधी धूळ काढा, पेस्ट बदला. मग एसएसडी. मग ६४ बिटांचं विंडोज जमत असेल तर रॅम. एवढ्याने भागलं नाही, तरच त्याच सॉकेटातला सगळ्यांत वरचा प्रोसेसर सेकंडहँड बाजारातून शोधा. तोही बोर्डाच्या कंपनीची प्रोसेसरची यादी आणि बायॉसची आवृत्ती तपासून, आणि जुना प्रोसेसर पोरग्याच्या खिशात जाण्यापूर्वी. नुसत्या पत्रिका लावायच्या असतील तर मशीनची नेटची वायर काढून ठेवा. पेजमेकरला इंटरनेटचा मोह कधीच नव्हता. फॉर्म भरायला दुसरं मशीन बघा. बोर्डासकट सगळंच बदलायची वेळ आली, तर त्याला अपग्रेड म्हणू नका. ती खरेदी आहे. घरात तसंच सांगा, पुढची भांडणं टळतात.

एका पिनेसाठी कोणी रडू नये. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आणि हा काळ ११५६ पासून १८५१ पर्यंत सोकावलेला आहे. भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात भंगाराची जबाबदारी उत्पादकावर टाकली. चांगलं झालं. पण चालतं मशीन भंगार कधी ठरवायचं, त्या तारखेवर कुणाचा वचक नाही. युरोपने कायदा करून मोबाइलच्या चार्जरला एकच तोंड दिलं. सॉकेटला एकच तोंड द्या असं म्हणायची माझी हिंमत नाही. मागणी लहान आहे. चिवड्याच्या पाकिटावर तारीख छापायची सक्ती आहे. मदरबोर्डाच्या खोक्यावरही एक ओळ छापा: या सॉकेटसाठी नवे प्रोसेसर अमुक सालापर्यंत निघतील. कंपनीला ते साल ठाऊक असतं, पुढच्या सॉकेटचा आराखडा तिच्याच टेबलावर पडलेला असतो. ती छापणार नाही. तोवर बोर्ड घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, "यात पुढच्या वर्षीचा बसेल ना?" तो "एकदम बिनधास्त" म्हणाला, तर ते बिलावर लिहून मागा. पेन नेमकं त्याच वेळी हरवतं.